रिंगणाबाहेरचा साळिंदर

घाटातल्या वाटांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. रानकुत्रे आले की गवे शिंगं बाहेर करून पिल्लांभोवती रिंगण धरत. ते पाहून एक साळिंदर कळपाच्या थोरल्या गवीकडे आला.

"आक्का, मलाही रिंगणात घ्या. कुत्र्यांनी माझ्या बिळाशीच तळ ठोकलाय."

गवीचा जीव कळवळला. पण कळपाची रीत अशी, की एकूण एक मान झुकल्याशिवाय नव्याला जागा नाही. गवे म्हणाले, "याचे काटे आमच्याच पोटात घुसतील."

साळिंदराने खडकाला अंग घासून घासून सगळे काटे पाडले आणि उघडाबोडका परत आला. माना झुकल्या, पण एका तरण्या गव्याची ताठच राहिली. "याची भांडणं उद्या आपल्या गळ्यात पडतील. पावसाळ्यानंतर बघू."

"तोवर जवळपासच राहा हो," गवी म्हणाली. ते बोलणं तिला फार मायेचं वाटलं.

काटे गेल्याची बातमी रानकुत्र्यांना लागायला कितीसा वेळ? दुसऱ्याच सकाळी ते आले. गव्यांनी रिंगण धरलं. साळिंदर धावत आला. "आक्का, जरा सरका!"

गवीने तरण्याकडे पाहिलं. त्याची मान ताठच होती. ती सरकली नाही.

पुढे तिने कळपाकडे एकच मागणं मागितलं. रिंगणात माझ्या शेजारी साळिंदराएवढी जागा मोकळी राहू दे.

त्या रिकाम्या जागेसाठी मात्र सगळ्या माना लगेच झुकल्या. त्या तरण्याचीही.