बाहेर तोंड केलेल्या चपला

“मग घेऊ का नक्की, बाबा? संध्याकाळपर्यंतच सूट आहे.”

वैजनाथने तिसऱ्यांदा विचारले. सोमगिरीबाबा मठाच्या ओसरीवर वाती वळत बसले होते.

प्रश्न साधा नव्हता. बाबांचे गुरू, थोरले महाराज, जाऊन जमाना झाला होता. त्यांचा आवाज तेवढा कॅसेटींत उरला होता आणि फितींना बुरशी धरली होती. वैजनाथने रात्रीचा दिवस करून त्यांची प्रवचने संगणकावर उतरवली. त्या खटाटोपात कॅसेटी पार गेल्या. संगणकही उसना, परत द्यायचा होता. आता मठाची वेबसाइट काढायची आणि आवाज तिथे ठेवायचा. त्यासाठी इंटरनेटवर भाड्याने जागा देणारी कंपनी निवडायची होती.

वैजनाथ पुण्यातली संगणकाची नोकरी सोडून मठात आलेला. यातले बाबांना काय कळणार, हे त्याच्या तोंडावर लिहिलेले होते. तरी विचारल्याशिवाय राहवत नव्हते.

“पारखून घेतलीस?”

“सगळं पाहिलं, बाबा. वेग पाहिला. जागा अमर्याद. साइट कधी बंद पडणार नाही म्हणतात. काही विचारलं की पापणी लवायच्या आत उत्तर. आणि सगळ्यांत स्वस्त.”

“अमर्याद...” बाबा हसले. “आन् वर स्वस्त.”

ते उठले. पायऱ्या उतरून त्यांनी वैजनाथच्या चपला उचलल्या आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या.

ही मठाची रीत होती. येणाऱ्याच्या चपला बाबा स्वतः फिरवून ठेवीत. पाहुण्याचे ठीक, पण वैजनाथ तर मठातच राहणारा. गुरूने आपल्या पायताणाला हात लावायचा याची लाज होतीच, पण त्याहून जास्त सलायचे ते त्या चपलांचे तोंड. आजही सलले.

“त्यांला येक इचार,” बाबा परत बसत म्हणाले. “समदं उचलून दुसरीकडं जायचं म्हणलं तर?”

“अजून आत पाऊल नाही टाकलं. जायचं कशाला विचारू?”

“इचार की.”

वैजनाथने नाइलाजाने मोबाइलवर प्रश्न टाकला.

...

पापणी बऱ्याचदा लवली. मग उत्तर आले: “सर, काही नाराजी आहे का? आपल्यासाठी आणखी सूट देतो.”

त्याने पुन्हा विचारले.

...

“सर, पाच वर्षांचं एकदम घ्या. जायची वेळच येणार नाही.”

तिसऱ्यांदा विचारल्यावर उत्तरच आले नाही. वैजनाथचा चेहरा उतरला. महाराजांचा आवाज आपण या माणसांच्या हवाली करायला निघालो होतो!

“म्हणजे महागातली घ्यायची, बाबा?”

“म्या कुठं तसं म्हणलं?”

आणखी एक कंपनी होती. तीही स्वस्तातलीच, पण उत्तरे सावकाश देते म्हणून त्याने ती बाद केली होती. तिलाही तोच प्रश्न टाकला.

बाबांच्या वाती वळून झाल्या तेव्हा कुठे उत्तर आले. वैजनाथने ते मोठ्याने वाचले: “कधीही जा. सगळं एका गठ्ठ्यात उतरवून घेता येतं, रीत खाली लिहिली आहे. आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवाच. आमच्याही भरवशावर राहू नका.”

बाबांनी मान डोलावली आणि वातींचा जुडगा बांधला.

वैजनाथ उठला. दोन पायऱ्या उतरला. खाली चपला रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या होत्या. तो तिथेच थांबला. इतके दिवस गिळलेले आज ओठांवर आले.

“बाबा, मी इथं राहिलेलं तुम्हाला आवडत नाही का?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिले, मग चपलांकडे.

“रोज फिरवून ठिवतो, लेकरा,” ते म्हणाले. “गेलास का?”