नेट येणारं घर

“भात अजून सोडलेलाच का गं?” गोदाक्कांनी विचारलं.

विशाखानं नुसती मान हलवली. स्वतःच्या घरात दूध उतू जाईल, त्या दिवशीच भाताचा घास घेईन, असं ती देवापुढे बोलून बसली होती. तेव्हा वाटलं होतं, दिवाळीपर्यंतचा तर प्रश्न. त्यानंतर किती दिवाळ्या गेल्या, ते ती आता मोजत नव्हती.

मठाच्या ओसरीवर आक्का वाती वळत होत्या. धनंजय, विशाखाचा नवरा, पायरीच्या कडेला टेकला होता. हातात फोन. उद्या एका घराचा इसार द्यायचा होता. आशीर्वाद घ्यायचा आणि निघायचं, एवढंच ठरवून तो आला होता.

धनंजयचं काम घरून चालायचं. परदेशातली माणसं संध्याकाळनंतर त्याच्याशी बोलायची. मागचं भाड्याचं घर त्यानं नेट येतं का ते तपासूनच घेतलं होतं. पण राहायला गेल्यावर रोज दिवेलागण झाली, की नेट अडकायचं आणि पडद्यावर समोरच्याचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. शेवटी ऑफिसनं बजावलं, पुन्हा असं झालं तर बंगळूरला येऊन बसा. म्हणजे तो तिकडे, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंपाशी विशाखा इकडे.

तेव्हापासून घरं बघणं सुरू होतं. इतकी, की कुठल्या घरात देवघराला जागा होती, तेही तिला आता आठवेना.

“या खेपेला चूक नाही,” धनंजय म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं. खोलीखोलीत फोन धरून पाहिला, न्हाणीघरात पाहिला, ओट्याखालीसुद्धा ठेवून पाहिला. नेटच्या कंपनीच्या नकाशातही ती गल्ली हिरवीगार होती. “इतकं कुणी बघत नसेल, आक्का.”

“मग माझ्याकडे कशाला आलास?”

“आशीर्वाद घ्यायला.”

“बघितलंस कधी?”

“काल दुपारी. ब्रोकर तेव्हाच किल्ली घेऊन येतो.”

“शेजारी कोण राहतं?”

“कुलूप होतं.”

“आणि वरती?”

“सगळे कामाला जातात. एकदम शांत बिल्डिंग आहे.”

आक्कांनी हातातली वात खाली ठेवली. त्याचा फोन काढून घेतला, विशाखाच्या ओटीत टाकला, आणि त्याच्या रिकाम्या तळहातावर एक स्टीलची वाटी ठेवली.

“उद्या दिवे लागले, की त्या शेजारच्यांचं दार वाजव. विरजण माग.”

“विरजण?”

“चमचाभर.”

विशाखाला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, म्हणून तिनं ते पदराआड धरलं.

धनंजयला मात्र ते लागलं. आपण नेटचं विचारतोय आणि आक्का दह्याचं सांगताहेत, असं काहीसं तो पुटपुटला. इसार उद्या सकाळचा ठरलाय, असंही म्हणाला.

“संध्याकाळवर ढकल.”

“शेजाऱ्याला काय कळणार, आक्का? मी स्वतः मोजलंय.”

“मागच्या घरीही तूच मोजलं होतंस ना?”

वाटी त्याच्या हातात तशीच होती...

विशाखानं विचारलं, “आणि तिथंही नाही जमलं तर? दमले हो मी आता.”

आक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. नुसताच फिरवला. मग धनंजयकडे वळल्या.

“मी या मठात राहायला यायची होते, तेव्हा जो तो म्हणे, आधी इथली विहीर बघा. मी आत डोकावलेच नाही. तिन्हीसांजेला वाटेवर बसून राहिले, आणि पाणी भरून परतणाऱ्या बायकांच्या तोंडाकडे बघत होते... तुम्हीही तसंच करा, बाळांनो. नेट कसं चालतं, ते तिथं रोजची संध्याकाळ काढणाऱ्यांच्या तोंडून ऐका.”