काँक्रीटची ओल

शाळेच्या नव्या सभागृहात काँक्रीटची जमीन ओतून जेमतेम दोन आठवडे झाले होते. तरी संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब तिच्यावर लगेच सागवानी फळ्या ठोकायला सांगत होते, कारण रविवारी त्यांच्याच हस्ते उद्घाटन होतं.

केरू मेस्त्री म्हणाले, "तात्यासाहेब, जमीन आतून ओली आहे. फळ्या फुगून उचकटतील."

तात्यासाहेबांनी बुटाची टाच जमिनीवर आपटली. "ही ओली? रंधा मारणाऱ्यानं आम्हाला शिकवू नये! जमत नसेल तर दुसरा सुतार आणतो."

मेस्त्रींची कानशिलं तापली, पण ते शांतपणे म्हणाले, "जमीन कोरडी निघाली तर उद्याच ठोकतो. फक्त तुमच्या हातचा एखादा कागद आज तिच्यावर ठेवू द्या."

तात्यासाहेबांनी तोऱ्यात खिशातलं शाईनं लिहिलेलं उद्घाटनाचं भाषणच काढून दिलं. मेस्त्रींनी ते जमिनीवर पसरलं, वर प्लास्टिक अंथरलं आणि कडा चिकटपट्टीनं बंद केल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्या शिक्षकांसमोर प्लास्टिक उचललं. आतून पाण्याचे थेंब ओघळले. कागदाचा लगदा झाला होता आणि एक अक्षर धड उरलं नव्हतं.

"माझं भाषण!" तात्यासाहेब ओरडले.

मेस्त्रींनी तो कागद चिमटीत धरला. "तात्यासाहेब, तुमच्या भाषणाइतकं कोरडं या तालुक्यात दुसरं काही नाही. त्यालासुद्धा एका दिवसात ओल आली. तिथं माझ्या सागाचा काय पाड?"

उद्घाटन दोन महिने पुढे गेलं. भाषण पुन्हा लिहा, असं मात्र तात्यासाहेबांना कुणीच म्हणालं नाही.