काडीलाही हात लावायचा नाही

त्या राखीव रानात काडीलाही हात लावायचा नाही, असा कायदा होता. राखणदार होता मोर. वाळक्या पानांची सळसळ त्याला फार आवडे, आणि पानांच्या ढिगावर पिसारा फुलवून तो नाचला की निम्मं रान वाहवा करी. पानं पडत होती, साचत होती, सशाच्या कानांपर्यंत आली होती. आपण रान किती जपलंय, या विचाराने मोराची छाती फुगत होती.

साळू साळिंदरीचा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. यंदा ऊन लवकर तापलं होतं, पलीकडच्या डोंगरावर दोनदा धूर दिसला होता, आणि बिळात तिची दोन तान्ही पिल्लं होती. त्यांना घेऊन ती पळणार कुठे? शेवटी तिने शेपटीचे काटे जमिनीला टेकवले आणि बिळाभोवतीची पानं लांब लोटायला सुरुवात केली. महिन्याभरात गव्यांचा कळप मावेल एवढं लाल मातीचं अंगण निघालं.

साळू काड्या करते, अशी बोंब लगेच झाली. मोराने तिला बोलावून फर्मावलं, की प्रत्येक पान जिथलं तिथे नेऊन ठेवायचं, नाहीतर पिल्लांसकट रान सोडायचं.

साळू म्हणाली, "ठेवते की. फक्त कुठलं पान कुठं होतं, तेवढं दाखवा."

मोर पेचात पडला. दरबार भरला. कुठलं पान वर होतं आणि कुठलं खाली, यावर आठ दिवस काथ्याकूट चालला. नवव्या दिवशी भर दुपारी वारा फिरला आणि डोंगरावरची आग रानात शिरली. तिला कायदा कुणी सांगितलेला नव्हता. इतकी वर्षं जपून ठेवलेलं सगळं तिने चाटूनपुसून खाल्लं.

जो तो साळूच्या अंगणाकडे धावला. ससे आले, भेकरं आली, गवे आले, आणि सगळ्यांत शेवटी पिसाऱ्याचं टोक करपलेला मोर आला. जाळ मातीच्या कडेपर्यंत आला, तिथे घुटमळला आणि विझला. साळू पिल्लांना पोटाशी धरून बसली होती.

मोर खोकत म्हणाला, "तरीपण हे अंगण कायद्यात बसत नाही."

"नसेल बसत," साळू म्हणाली. "आपण सगळे अंगणात बसलोय ना."

मोराने बाहेर राहिलेली पिसं हळूच आत ओढून घेतली.

पुढल्या साली थंडी सरताना सगळं रान आपल्या सीमेवर जमलं. पुढे साळू काट्यांनी पानं लोटत चालली होती. तिच्यामागे मोर, पिसारा जमिनीवर पसरून ओढत, इकडून तिकडे डुलत चालला होता. कुणी वाहवा करतंय का, हे तो अधूनमधून मान वळवून बघे. मागे लाल मातीचा पट्टा लांबत चालला होता.