ओल्या मातीची पुडी

त्या वारुळाला सात मजले होते आणि खालची खरी खबर वर कधीच पोचत नसे. खाली धाडलेल्या मुंगीने दाणा आणावा, नाही मिळाला तर पांढरा खडा आणावा, म्हणजे वरच्यांनी काय ते समजावे, असा रिवाज होता. वरच्यांना समजून घ्यायला सवड कुठली! खडा दाण्यांच्याच राशीत पडे आणि चार दिवसांनी कुणाच्या तरी दाताखाली येई.

दाणा का मिळाला नाही, ते सांगायला वारुळाच्या दाराशी एक पान असे. त्यावर ओरखडा काढायचा. पण पान एकच, आणि मागून येणारी आधीचा ओरखडा पुसून आपला काढे. गेल्या साली खणकी नावाच्या मुंगीने ‘सातव्यात पाणी शिरतंय’ अशी खूण केली. ती पुसून कुणीतरी ‘दाणा फार जड होता’ असे नोंदवले. सातव्या मजल्यावर अळ्यांची खोली होती. ती बुडाली. त्या अळ्या खणकीने भरवलेल्या होत्या. तिचे काळीज तेव्हापासून जागेवर नव्हते.

यंदा शेजारच्या शेतात पाट सुटायची वेळ आली, तशी राणीने सगळ्यांना बोलावले. तांबडी पहारेकरीण म्हणाली, “काही बिनसलं की एकच बोंब ठोकायची. सगळ्यांनी हातातलं टाकून वर पळायचं.” तसे करून पाहिले. दुसऱ्याच दिवशी एकीचा पाय घसरला आणि अख्खे वारूळ अंगणात! भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली.

मग खणकी पुढे आली. “राणीसाहेब, प्रत्येकीने पुडी बांधून आणावी. आत दाणा, नाहीतर माती. पुडी सोडल्याशिवाय घेणारीला दाणा मिळायचा नाही. माती निघाली, तर आपल्याच्याने होईल ते करावं. नाहीच झालं, तर आपल्या मजल्याची चिमूट घालून पुडी वर द्यावी.”

“दिवसभर पुड्याच सोडत बसायच्या का?” तांबडी फणकारली.

“दात पडण्यापेक्षा बरं, बाई.”

पाट सुटला, तेव्हा खणकी सातव्यातच होती. भिंत ओली लागली. तिने चिमूटभर माती बांधून पुडी वर दिली आणि अळ्यांपाशी थांबली. आपली खूण याही वेळी पुसली गेली तर, या भीतीने ती एकेक अळी दाराकडे सरकवू लागली.

मजल्यामजल्यावर पुडी सुटली, पुन्हा बांधली गेली. राणीपुढे ती उघडली, तेव्हा वर पिवळी माती होती, मग तांबूस, मग मुरूम, आणि तळाला काळी, ओली. राणीने तळाची माती हुंगली.

“सातवा,” ती म्हणाली.

शंभर मुंग्या खाली धावल्या. पाणी खोलीत शिरले, तेव्हा खोली रिकामी होती. शेवटची अळी पाठीवर घेऊन खणकी वारुळाच्या दाराशी आली आणि थबकली. ओरखड्यांचे ते पान जागेवर नव्हते. पाणी येणारे भोक बुजवायला गेलेली तांबडी, ते न बुजल्याने चिखलाने माखून परतलेली, तिथे बसली होती आणि पुड्यांसाठी फाडलेल्या त्या पानाच्या उरल्या तुकड्यात, मान खाली घालून, आपली ओली माती बांधत होती.