शुभेच्छांच्या फ्लेक्समागचा कॅमेरा

हमरस्त्यानं मधोमध चिरलेलं एक गाव होतं. घरं या अंगाला, दूध डेअरी त्या अंगाला. गावात केरबा नावाचा म्हातारा राहायचा. कानाशी ओरडलं तरच त्याला ऐकू यायचं. रोज सकाळी दुधाची किटली घेऊन तो रस्ता ओलांडायचा. त्याला गाड्या ऐकू येत नसत आणि गाडीवाल्यांना तो दिसत नसे. त्यांना काहीच दिसत नसे म्हणा, घाई फार.

मग सरकारनं खांबावर वेग टिपणारा कॅमेरा बसवला. गाड्या मुकाट हळू झाल्या. केरबा म्हणाला, "आता ऐकू नाही आलं तरी चालतंय."

पण गाव तापलं. एक म्हणाला, "अपघात खड्ड्यांनी होतात, वेगानं नव्हे." हा गृहस्थ खड्ड्यांतूनही ऐंशीनं जायचा. दुसरा म्हणाला, "न विचारता आमचे फोटो काढतात म्हणजे काय? आम्हाला काही अब्रू आहे का नाही?" सगळ्यांत जास्त चिडला केरबाचाच मुलगा रणधीर. त्याची जीप वरचेवर कॅमेऱ्यात सापडायची.

कॅमेरा फोडावा, तर पोलीस धरणार. पण रणधीरचा वाढदिवस जवळ आला होता. नसता आला तर त्यानं ओढून आणला असता. त्यानं भलामोठा फ्लेक्स छापला आणि बरोबर कॅमेऱ्यापुढे ताणून बांधला. वर रणधीर, गॉगल लावून. खाली शुभेच्छुक म्हणून सगळं गाव, हात जोडून. ते अब्रूवाले गृहस्थ आपला फोटो स्वतः घेऊन आले होते आणि पहिल्या रांगेसाठी भांडलेही होते.

गाड्या पुन्हा सुसाट सुटल्या. केरबानं पोराला सांगितलं, "तेवढं कापड काढ बाबा. मला जीव मुठीत धरून पलीकडं जावं लागतंय."

"आबा, वाढदिवसाचं आहे ते," रणधीर त्याच्या कानाशी ओरडला.

"वाढदिवस होऊन महिना झाला की."

"आता काढलं तर पोरं नाराज होतील."

पोरं नाराज झाली नाहीत. फ्लेक्स तसाच राहिला. आणि एका सकाळी एक गाडी केरबाला उडवून निघून गेली. किटलीतलं दूध डांबरावर पसरलं. म्हातारा जागच्या जागी गेला.

रणधीर पोलीस ठाण्यात धावला. "साहेब, कॅमेऱ्यात बघा. माझ्या बापाला मारणाऱ्याचा नंबर द्या."

फौजदारांनी पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर वाऱ्यानं हलणारं पांढरं कापड होतं, दुसरं काही नाही.

"ही तुझ्या फ्लेक्सची मागली बाजू," फौजदार म्हणाले. "एवढंच आहे आमच्याकडे. देऊ का?"

रणधीर तसाच परत आला. खांबावर चढला आणि फ्लेक्स टराटरा फाडू लागला. शुभेच्छुक मंडळी खाली उभी होती, आपापले चेहरे फाटताना बघत. मग एकानं हळूच विचारलं, "भाऊ, श्रद्धांजलीचा याच मापाचा करायचा ना?"

तात्पर्य: आपली चूक दिसू नये म्हणून जो रस्त्याचा डोळा झाकतो, तो मारणाऱ्याला वाट करून देतो आणि मरायला आपलंच माणूस पुढे उभं करतो. अशा फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला प्रत्येक जण त्या मरणाचा वाटेकरी असतो. नीट बघा, डावीकडून तिसरे तुम्हीच तर नाही?