चिंगीला हवा करकोचा

एक होती चिचुंद्री. एवढीशी. नाव तिचं चिंगी. नाक लांब, पाय आखूड, पण जिद्द बघाल तर डोंगराएवढी.

चिंगीचा होता बास्केटबॉलचा संघ. चिंगी, खार, सरडा आणि दोन बेडूक. शेवग्याच्या झाडाला बांधली होती बूड नसलेली टोपली. चिंध्यांचा चेंडू उडवायचा आणि टोपलीत टाकायचा, झाला खेळ.

पण सगळेच बुटके! टोपली राहिली वर, चेंडू राहिला खाली. तळ्याकाठच्या संघाने वीस वेळा चेंडू टाकला. यांनी एकदाही नाही. धाकटा बेडूक रडरड रडला. म्हणाला, आता मी खेळायला येणार नाही.

चिंगीला फार वाईट वाटलं. असे एकेक जण घरी बसले, तर खेळायचं कोणी?

तळ्याकाठच्या संघात उंच पक्षी चिक्कार. त्यांतला करकोचा नुसता एका पायावर उभा असायचा. बिचाऱ्याची पाळीच यायची नाही. चिंगीला वाटलं, हा आपल्याकडे आला तर?

निघाली चिंगी. तुरुतुरु, तुरुतुरु. तळ्यात डुंबत होती म्हैस. ती त्यांची कप्तान.

"म्हशीताई, म्हशीताई, करकोचा दे."

गडी हवा तर बदल्यात काहीतरी द्यायचं, अशी तिथली रीतच होती. म्हैस म्हणाली, खार दे. चिंगी म्हणाली, "आमच्यातलं कोणी देणार नाही. दुसरं काहीही माग."

"मग पेंड दे, करकोचा ने."

निघाली चिंगी. तुरुतुरु, तुरुतुरु. तेलाच्या घाण्यावर बसली होती गोदाक्का.

"गोदाक्का, गोदाक्का, पेंड दे.
म्हैस करकोचा देईना,
मग आम्ही जिंकणार कसे?"

गोदाक्का म्हणाली, घाण्यात घालायला भुईमुगाच्या शेंगा नकोत का बाई? "शेंगा दे, पेंड ने."

निघाली चिंगी. तुरुतुरु, तुरुतुरु. चिंचेवर बसलं होतं माकड. शेंगांचा ढीग पुढ्यात.

"माकडदादा, माकडदादा, शेंगा दे.
गोदाक्का पेंड देईना,
म्हैस करकोचा देईना,
मग आम्ही जिंकणार कसे?"

शेंगा खाऊन खाऊन माकडाला आला होता कंटाळा. पण खाली उतरायचा त्याहून कंटाळा. आळशी कुठलं! "पेरू दे, शेंगा ने."

निघाली चिंगी. तुरुतुरु, तुरुतुरु. मळ्यात उभं होतं पेरूचं झाड. पानं मलूल, पेरू एवढेएवढेसे.

"झाडोबा, झाडोबा, पेरू दे.
माकड शेंगा देईना,
गोदाक्का पेंड देईना,
म्हैस करकोचा देईना,
मग आम्ही जिंकणार कसे?"

झाड म्हणालं, मला तहान लागलीय गं. "पाणी दे, पेरू ने."

निघाली चिंगी. तुरुतुरु, तुरुतुरु. मळ्याच्या कडेने जात होता पाण्याचा पाट.

"पाटदादा, पाटदादा, पाणी दे.
झाड पेरू देईना,
माकड शेंगा देईना,
गोदाक्का पेंड देईना,
म्हैस करकोचा देईना,
मग आम्ही जिंकणार कसे?"

पाटाला बोलताच येईना. तोंडात अडकला होता पाला. गुळगुळ, गुळगुळ करत कसाबसा म्हणाला, "पाला काढ, पाणी ने."

चिंगी पाल्यासमोर उभी राहिली.

"पालोबा, पालोबा, हल ना.
पाट पाणी देईना,
झाड पेरू देईना,
माकड शेंगा देईना,
गोदाक्का पेंड देईना,
म्हैस करकोचा देईना,
मग आम्ही जिंकणार कसे?"

पाला काय बोलणार? पाल्याला का तोंड असतं?

मग काय केलं चिंगीने? रडली? छे! परत गेली? मुळीच नाही! लांब नाक खुपसलं आणि लागली उकरायला. खुरखुर, खुरखुर. एक पान काढलं. दोन पानं काढली. नाक चिखलाने माखलं, पाय दुखले, तरी खुरखुर, खुरखुर. शाब्बास गं माझी चिंगी!

पाला हलला. खळखळ, खळखळ!
पाटाने झाडाला पाणी दिलं.
झाडाने चिंगीला पेरू दिला.
पेरू माकडाला दिला, माकडाने शेंगा दिल्या.
शेंगा गोदाक्काला दिल्या, गोदाक्काने घाणा फिरवला. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र. आणि पेंड दिली.

एवढीशी चिचुंद्री एवढी पेंड नेणार कशी? ढकलत ढकलत नेली!

पेंड म्हशीला दिली, म्हशीने करकोचा दिला. करकोचा इतका खूश झाला की त्याने दुसरा पायही खाली टेकवला.

पुन्हा सामना आला. करकोचा बघून धाकटा बेडूकही खेळायला आला. पंच होतं कासव. त्याने मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच... सहा! कासव म्हणालं, मैदानात पाच जणांचेच पाय हवेत.

अरे देवा! चिंगीच्या संघात आजवर पाचांच्या वर कोणी जमलंच नव्हतं. हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

चिंगी हळूच म्हणाली, "मी बसते बाहेर. तुम्ही खेळा." आणि जाऊन बसली एका दगडाजवळ. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

करकोचा गेला तिच्यामागे. टांग टांग, टांग टांग. लांब मान खाली वाकवली, पार जमिनीपर्यंत.

"चिंगे, चढ माझ्या डोक्यावर."

चिंगी चढली. कासवाने पुन्हा पाय बघितले. खारीचे मैदानात. सरड्याचे मैदानात. दोन्ही बेडकांचे मैदानात. करकोच्याचे मैदानात. आणि चिंगीचे? ते तर करकोच्याच्या डोक्यावर! कासव म्हणालं, चालेल, खेळा.

खारीने चेंडू सरड्याला दिला. सरड्याने बेडकाला. धाकट्या बेडकाने मारली उडी, टुणकन, आणि चेंडू चिंगीच्या हातात! करकोच्याने मान उचलली. वर, वर, आणखी वर. चिंगीला टोपली दिसली. पहिल्यांदाच दिसली, अगदी नाकासमोर.

टुप्प!

चेंडू टोपलीत, चिंगी डोक्यावर, टाळ्या वाजवा, गोष्ट आली घरावर.